आधी तू खा

शकूने गोळ्यांची पूड चमच्याच्या पाठीने परत एकदा घासली आणि बोटाने चाचपून बघितली. एक बारीक खडा राहिला तरी दाताखाली येतो, आणि दाताखाली आला की खेळ खल्लास. पूड पिठासारखी झाली तेव्हा तिने ती उकडीच्या शेवटच्या उंड्यात टाकली आणि तळव्याने दाबून दाबून मळली. बाकीच्या भाकऱ्या झालेल्या, ही एकच राहिलेली. थापताना तिचा हात लटलट हलत होता. भाकर कडेला फाटत होती आणि फाटलेली कड ती पाण्याचं बोट लावून परत जोडत होती. एके काळी या बाईची तांदळाची भाकर बघून सासरच्या बाया गप व्हायच्या.

आतल्या खोलीत कॉट वाजली. शकूने चमचा धुतला, गोळ्यांचं रिकामं पाकीट ब्लाउजमध्ये खोचलं.

प्रीतम बाहेर आला. सत्तावीस वर्षांचा तिचा पोरगा, खांदे पडलेले, दाढी वाढलेली. आधी खिडकीपाशी गेला, समोरच्या टॉवरकडे बघितलं, पडदा ओढला. मग ताटावर बसला. सुक्या बोंबलाचं कालवण हुंगलं. भाकर दोन्ही बाजूंनी बघितली, बरोबर मधून मोडली आणि अर्धी आईपुढे धरली.

"आधी तू खा."

शकूने तुकडा कालवणात बुडवून खाल्ला. प्रीतम तिच्या गळ्याकडे बघत होता. तिची अर्धी संपली, तेव्हा त्याने आपली सुरू केली. त्याचा शेवटचा घास पोटात जाईपर्यंत शकू जागची हलली नाही.

तीन वर्षं हेच चाललेलं.

शकू बाळकूमची. घोडबंदर रोडला वळायच्या आधी उजव्या हाताला जे टॉवरचं जंगल दिसतं, त्याच्या बुडाशी जुनं गाव आहे, त्यातली. तिचा नवरा पंढरी, त्याची भातजमीन होती तिथे आता छत्तीस मजले उभे आहेत. त्याच्या पलीकडे मिठागर होतं. लग्नाआधी शकू तिथे डोक्यावरून मीठ वाहायची. पण गाव तिला ओळखायचं ते तिच्या गळ्यामुळे. शकू धवलारीण. आमच्या आगरी लग्नात हळद कुटण्यापासून नवरी निघेपर्यंत प्रत्येक गोष्टीचं वेगळं गाणं असतं, त्याला धवला म्हणतात. ते गाणारी बाई मांडवात असेल तरच जुन्या बाया म्हणतात की लग्न नीट लागलं. डीजे कितीही वाजवा. आधी डीजे बंद करायचा, मग शकू सुरू व्हायची, आणि माईक नको म्हणायची. कोलशेतपासून भिवंडीपर्यंत तिला गाडी न्यायला यायची. शाळेत ती गेलेलीच नाही, सगळं पाठ, सासूकडून आलेलं.

प्रीतमला आजार झाला तेव्हा कुणाला कळलंच नाही, कारण त्याचं बोलणं खरं वाटायचं.

तो घोडबंदर रोडला एका एसी ऑफिसात कॉम्प्युटरवर बसायचा. एक दिवस घरी येऊन म्हणाला, टॉवरचे कॅमेरे आपल्या घराकडे फिरवलेत. मग म्हणाला, बिल्डर आपल्या पाण्यात काहीतरी कालवतोय, उरलेली घराची जागा पाहिजे त्याला. आता बिल्डरचा माणूस खरोखरच त्या जागेसाठी दर आठवड्याला चकरा मारत होता. त्यामुळे गावाने प्रीतमला वेडा म्हटलं नाही, हुशार म्हटलं. गावकीच्या मीटिंगमध्ये तो उभा राहिला आणि पाण्यात विष आहे असं ओरडून बोलला, तर लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या कानात माणसं बोलत होती, रात्रंदिवस, आणि गाव टाळ्या वाजवत होतं. तिथे वर्ष फुकट गेलं.

मग पंढरी हार्टने गेला. स्मशानात प्रीतम सरणाला हात लावू देईना. म्हणाला, बापाला मारलाय, पोट फाडून बघा. त्यानंतर त्याने घरचं पाणी सोडलं, मग जेवण सोडलं. भगत झाला, दोन कोंबडे गेले, काही फरक नाही. शेवटी त्याचा चुलतभाऊ कमलेश आला. कमलेशचा मांडव-डेकोरेशनचा धंदा. त्याने आपला टेम्पो आणला, चार पोरं आणली आणि मांडवाच्या दोरीने प्रीतमला बांधलं. ज्या दोरीच्या मांडवाखाली शकूने अख्खी हयात गाणी म्हटली, तीच दोरी. प्रीतम आईकडे बघत होता, आणि शकू दाराची चौकट धरून उभी होती.

दवाखान्यात महिनाभरात तो ताळ्यावर आला. गोळ्यांनीच आला. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी गोळ्या गटारात टाकल्या. आईला म्हणाला, परत बांधून नेलंस तर मी जीव देईन. शकूने घरातल्या देवीवर हात ठेवून शब्द दिला की परत तुला दोरी लागणार नाही.

एवढंच तिचं होतं, बाकी काही नाही. दोरी लागू द्यायची नाही.

खोपटला एसटी डेपोच्या मागे एक डॉक्टर बसायचा. शकू एकटीच गेली. डॉक्टर म्हणाला पेशंट आणा. ती म्हणाली येत नाही. डॉक्टरने हात वर केले, मग बाईचं तोंड बघून लिहून दिलं. रोज एक गोळी, चव नसते, काय ते तुम्ही बघा. शकूने बघितलं. चहात घालून बघितली, त्याने चहा सोडला. वरणात घातली, वरण सोडलं. भाकर मात्र त्याने धरली, कारण भाकर दोघांत मोडता येते. त्याच्या डोक्यातला हिशोब सरळ होता, आईला काही झालं नाही तर मला होणार नाही.

आणि खरंच, हळूहळू तो बरा झाला. पूर्ण नाही. पडदा ओढायचा, कामाला जायचा नाही, बाहेरचं खायचा नाही. पण कानातली माणसं गप झाली. अंगणात बसायला लागला, बहिणीशी फोनवर बोलायला लागला.

शकूचं मात्र दुसरंच काहीतरी सुरू झालं.

आधी हात. मग चाल, पाय घासत, हात न हलवता, पुतळ्यासारखी. चेहऱ्यावर हसू येईना. अंग सुजल्यासारखं जाड झालं. आणि तोंड कोरडं, इतकं की जीभ टाळूला चिकटायची. सगळे म्हणाले वय झालं. काही म्हणाले शुगर. पंढरी गेल्याचा धक्का, असंही कुणी म्हणालं. शकू कुणालाच काही म्हणायची नाही, पाण्याची बाटली बरोबर ठेवायची.

कशेळीच्या हळदीत तिची वाट लागली. मोठं घर, दोनशे बाया. नवऱ्याला तेल चढवायचा धवला तिने उचलला आणि तिसऱ्या कडव्याला जीभ अडकली. शब्द डोक्यात होते, तोंडातून फक्त घरघर आली. हळदीची वाटी हातात थरथरली आणि नवऱ्याच्या पांढऱ्या कपड्यांवर सांडली. शेजारी रंगूबाई बसलेली. ही दुसरी धवलारीण, शकूच्या बरोबरीची. शकूला बोलावलं म्हणून हिची गाडी दरवेळी चुकायची. तिने लगेच पुढचं कडवं उचललं आणि लग्न सावरलं. नंतर हात धुताना म्हणाली, "काय ग शकू, नवऱ्याबरोबर सरनाव गला पन जाललास काय?"

बाया हसल्या. शकू पण हसायला गेली, पण तोंड हललं नाही.

"आता तूच म्हण," ती म्हणाली. "माझा पुरा जाला."

त्यानंतर तिला गाडी न्यायला आली नाही.

संचिता आली ती याच सुमारास. डोंबिवलीची पोरगी, पंचविशीची, खांद्याला झोळी. एका मोठ्या दवाखान्याचं संशोधन चाललेलं, त्यात कामाला. खोपटच्या डॉक्टरने तिला शकूचं घर दाखवलं. संशोधन असं की ज्या तरुण पोरांना सायकोसिस होतो, म्हणजे डोक्यातलं खरं वाटायला लागतं, त्यांना डॉक्टरपर्यंत पोचायला इतकी वर्षं का लागतात, मधे घरात काय काय होतं, कुणाला औषध लागू पडतं, कुणाला नाही. आणि हे कळलं तर दवाखाना कसा बदलायचा. संचिता शकूला म्हणाली, आमचा प्रयत्न हाच आहे काकी, की दवाखान्याने घरी यायचं, कुणाला बांधून आणायला लागू नये.

शकूने तिला आत घेतलं ते या एका वाक्यावर.

प्रीतमने पहिल्या दिवशी तिला दारातच विचारलं, टॉवरवाल्यांनी पाठवलंय का. संचिता म्हणाली नाही, आणि तिने जे लिहिलेलं ते त्याच्या हातात दिलं, वाच आणि चुकीचं असेल ते खोड. त्याने दोन ओळी खोडल्या. तिने त्या तशाच खोडलेल्या ठेवल्या. पुढच्या वेळी त्याने स्वतःच खुर्ची दिली. ती त्याला वेडा म्हणायची नाही आणि कॅमेरे नाहीत असंही म्हणायची नाही. विचारायची, कॅमेरा बघतो तेव्हा झोप लागते का तुला? आवाज आले तर तू काय करतोस? तीन वर्षांत त्याला हे कुणी विचारलंच नव्हतं. तो बोलत बसायचा. शकू आतून ऐकायची आणि तोंडात पदर धरून रडायची. रडताना पण चेहरा तसाच दगडी.

अशा काही भेटींनंतर एकदा शकू तिला सोडायला नाक्यापर्यंत गेली आणि भाकरीचं सांगून टाकलं. संचिता थांबली. औषधाचं नाव विचारलं, किती वर्षं ते विचारलं. मग म्हणाली की प्रीतमला सांगावं लागेल. त्याचं शरीर आहे, त्याला माहीत असायला पाहिजे. मी त्याच्याशी खोटं बोलणार नाही काकी. पण आधी तुम्ही सांगा, मी शेजारी बसेन.

"त्याने माझ्या हातचा जेवन सोरला तर जगेल कशावर?" शकू म्हणाली.

 संचिताने मुदत दिली, गणपतीपर्यंत. फक्त एक गोष्ट तिने विचारली नाही, की ती भाकर कोण कोण खातं.

गणपती यायच्या आधीच झालं.

त्यानंतरच्या भेटीला संचिता आली ती दुपारी, प्रीतम ताटावर बसायच्या वेळेला. आमच्यात जेवायच्या वेळी आलेला माणूस उपाशी जात नाही, जाऊच देत नाहीत. शकूने तिला वेगळी भाकर वाढली, साधी. प्रीतम त्या दिवशी चांगला होता, आंघोळ केलेली, पडदा अर्धाच ओढलेला. त्याने आपली भाकर मोडली, अर्धी आईला दिली, आई खाईपर्यंत थांबला. मग त्याने संचिताच्या ताटातली भाकर उचलून बाजूला ठेवली.

"ती नका खाऊ मॅडम," तो म्हणाला. "ती चेक केलेली नाय. ही खा. ही आयने खाल्लीय." आणि आपल्या वाट्यातला अर्धा तुकडा मोडून त्याने तिच्यापुढे धरला.

तीन वर्षांत त्याने आईशिवाय कुणाला घास दिला नव्हता. बहिणीलासुद्धा नाही. पोरगा त्या मॅडमला वाचवत होता. संचिताने तुकडा हातात घेतला. त्यात काय आहे ते तिला माहीत. नाही म्हटलं तर प्रीतम परत आत बंद होईल हे पण माहीत. तिने एकदा शकूकडे बघितलं आणि तुकडा तोंडाकडे नेला.

शकूचा हात इतक्या जोरात आला की तुकडा भिंतीवर आपटला.

"नको ग पोरी. तू नको खाऊ."

 बाहेर कुणाच्या तरी घरी मिक्सर चालू होता. प्रीतम भिंतीजवळच्या तुकड्याकडे बघत होता. ओरडला नाही. हळू आवाजात विचारलं, "काय हाय त्यात, आये?"

शकूने खोटं बोलायचा प्रयत्न केला नाही. "औषध."

"कधीपासून?"

"तू घरा आलास तवापासून."

"मग तू का खाल्लंस?"

"तू देत होतास ना," शकू म्हणाली.

प्रीतम उठला, नळाखाली हात धुतले, खूप वेळ धुतले, आणि खोलीत जाऊन आतून कडी लावली. संचिता दाराबाहेर बसून त्याच्याशी बोलत राहिली. सगळं खरं सांगितलं, औषधाचं नाव सांगितलं, मला पण माहीत होतं हे पण सांगितलं. कडी निघाली नाही.

त्या दिवसापासून आईच्या हातचं बंद. नुसती भाकर नाही, पाणी पण. बिस्किटाचे सीलबंद पुडे आणि बाटल्या. मग बिस्किटाच्या पुड्याला बारीक भोक दिसायला लागलं त्याला. मग तेही बंद. शकू दाराशी ताट ठेवायची, समोर बसून स्वतः दोन घास खाऊन दाखवायची. तो म्हणाला, तुझ्या खाण्यावर माझा विश्वास नाय. तू खोटी खातेस.

हे तिला सगळ्यात जास्त लागलं. प्रीतमच्या बहिणीला, रुपालीला, फोनवर एवढंच सांगितलं तिने, बाकी काही सांगितलं नाही.

कानातली माणसं परत आली. गणपती बसले, गावात ढोल चालू, आणि प्रीतम टॉवरच्या गेटवर गेला आणि बांबूने दोन कॅमेरे फोडले. वॉचमनने त्याला धरला आणि मारला, सोसायटीतल्या दोघांनी मारला, एकाने मोबाईलवर शूटिंग केलं. पोलीस आले. कमलेशला फोन गेला. शकूने संचिताला फोन लावला, ती कल्याणला दुसऱ्या पेशंटच्या घरी होती, म्हणाली मी निघते, मी येईपर्यंत थांबवा, हात लावू देऊ नका कुणाला. घोडबंदरला दीड दिवसाच्या विसर्जनाचं ट्रॅफिक. संचिता माजिवड्याला रिक्षा सोडून धावत आली. तोपर्यंत टेम्पो गेलेला.

कमलेश वाईट पोरगा नाही. त्याला दुसरं काही येत नाही. त्याने शकूला सांगितलं, काकी, दोरी ढिली बांधलीय. शकू टेम्पोच्या मागे पाय घासत चालत गेली, नाक्यापर्यंत. प्रीतमने या वेळी तिच्याकडे बघितलंच नाही.

दवाखान्यात संचिता रोज गेली. तिचं काम नव्हतं ते, तरी गेली. प्रीतम तिच्याशी बोलला, कारण दाराबाहेर बसून तिने सगळं खरं सांगितलेलं, असं तो म्हणाला. गोळी नको म्हणाला, महिन्याचं इंजेक्शन चालेल म्हणाला, पण समोर फोडायचं आणि लेबल वाचायला द्यायचं. दिलं. डोस ठरवताना डॉक्टरांनी हिशोब केला की घरी याला अर्धीच गोळी मिळत होती आणि त्यावर हा ठीक होता, म्हणजे कमीवर भागेल. शकू म्हणत होती, त्याला पुरी लागते, पुरी द्या. आई आहे, घाबरलीय, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. ते इंजेक्शन पुरलं नाही. दुसऱ्या महिन्यात तो परत भिंतीशी बोलायला लागला. मग डोस वाढवला, मग लागू पडलं. डॉक्टर म्हणाले, शरीराचं सांगता येत नाही, कधी कधी असं होतं.

शकूचं काय झालंय ते पण संचितानेच पकडलं. वॉर्डच्या बाकावर तिला बसलेली बघितलं, तो थरथरता हात, तो दगडी चेहरा, तोंड उगाच चघळल्यासारखं हलणारं, आणि तिच्या डोळ्यांसमोर ती मोडलेली भाकर आली.  तिने शकूला आतल्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरने हात वाकवून बघितले, चालायला लावलं आणि सांगितलं की हे वय नाही, शुगर नाही, हे औषध आहे. निरोगी माणसाने तीन वर्षं खाल्लेलं.

रुपाली डोंबिवलीहून आलेली. ती वॉर्डमध्येच आईवर ओरडली. "अगं, तुझं तुला कळत नव्हतं? हात हलतायत, गळा गेला, अर्धी गोळी रोज पोटात जाते, एवढी अक्कल नाय?"

"नाय कललं मना," शकू म्हणाली.

संचिताने तसंच लिहिलं. घरच्या बाईला नकळत औषध गेलं. त्यावर त्यांच्या संशोधनात वेगळी चर्चा झाली म्हणे. चोरून औषध देणाऱ्या घरांत ताट कोण कोण वाटून घेतं, हे आता प्रत्येक घरी विचारतात. चांगलं झालं. गावात मात्र सगळ्यांना एक गोष्ट मिळाली सांगायला, अडाणी बाईची. रंगूबाईसुद्धा हळदीत सांगायची, पण ती हसायची नाही. नंतर तिने सांगायचंच सोडलं, आणि जिथे गाडी तिला न्यायला येते तिथे ती शकूला पण घेऊन जाते. शकू शेजारी बसते. रंगूबाई कडवं विसरली की शकू तिच्या कानाशी तोंड नेते, आणि रंगूबाई ते कडवं गाते. शकूचा आवाज बाजूच्या बाईलाही ऐकू जात नाही. औषध बंद झाल्यावर हात थोडा थांबला. तोंडाचं चघळणं थांबलं नाही, डॉक्टर म्हणाले आता थांबणार नाही.

प्रीतम बरा आहे. डोंबिवलीला भोपरमध्ये रुपालीच्या घरामागे खोली घेऊन राहतो, एका गोदामात कामाला जातो. इंजेक्शनला स्वतः जातो, लेबल वाचतो. भाकर स्वतः थापतो. सणाला बाळकूमला येतो, पण डबा घेऊन येतो. आईच्या समोर बसून आपल्या डब्यातलं खातो आणि आई आपल्या ताटातलं खाते. एकदा त्याने आपल्या डब्यातली भाकर मोडली आणि अर्धा तुकडा हातात धरून बसला, शकू बघत होती. मग त्याने तो पण खाल्ला. जाताना रुपालीकडे बोलला, आय बिचारी येडी, विष असतं तर तेही खाल्लं असतं तिने, कळलंच नसतं तिला.

माजिवड्याला तानाजीचं मेडिकल होतं. शकू गोळ्या तिथून घ्यायची. रस्तारुंदीत त्याचं दुकान गेलं. गावाला निघायच्या आधी तो सामान बांधत होता आणि त्याने शकूकाकी कशी आहे असं विचारलं. अडाणी बाई, नकळत झालं, असं त्याला कुणीतरी म्हणालं, तर त्याने हातातलं खोकं खाली ठेवलं. त्याने जे सांगितलं ते आजपर्यंत प्रीतमला कुणी सांगितलेलं नाही, कारण शकूने तानाजीला देवीची शपथ घातलेली, आणि तानाजीने ती दुकान असेपर्यंत पाळली.

भाकर मोडायला लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात शकू त्याच्या काउंटरवर आलेली. म्हणाली, अर्धी माझ्या पोटात जाते, त्याला पुरी पोचली पाहिजे, एकाच्या जागी दोन दे. तानाजीने तिला समोर बसवून समजावलं की आजार नसलेल्या माणसाला ही गोळी काय करते. हात जातील, तोंड सुकेल, जीभ जड होईल. काकी, तुमचा गळा जाईल. शकूने त्याला परत एकदा सांगायला लावलं, नीट ऐकून घेतलं, आणि दोन पाकिटं उचलून पिशवीत टाकली.